माशी न बसलेली फळी

उसाच्या एका गावात एक गुऱ्हाळ होते. तिथे गेनू चरकात ऊस घालायचा आणि म्हसू बैल हाकायचा. मालकाचे नाव दौलतराव.

चरकाच्या तोंडाला पूर्वी एक लाकडी फळी असे. फळीला भोक होते. त्यातून ऊस आत जाई, हात जात नसे. पण भोकातून एका वेळी दोनच ऊस जात. दौलतरावांना घाई होती. त्यांनी फळी काढून आढ्याला टांगली. मग गेनू पाच-पाच ऊस एकदम घालू लागला.

एका दुपारी उसाबरोबर गेनूचा उजवा हात आत ओढला गेला. म्हसूने बैलांना थांबायची हाक दिली, पण बैल एका हाकेत थांबत नाहीत. गेनूचा हात मनगटापासून गेला.

त्या गावात जुना नियम होता. कामावर जो जायबंदी होईल, त्याची चूल मालकाने जन्मभर पेटती ठेवायची. चूक कामगाराची स्वतःची असेल, तरच मालक सुटे.

महिन्याने गेनू उठून हिंडूफिरू लागला. तेव्हा त्याची बायको राही पंचांकडे गेली. पंच म्हणाले, "उद्या येऊन चरक बघतो."

त्याच संध्याकाळी दौलतरावांनी फळी खाली उतरवली आणि चरकाला बसवली. मग म्हसूला बाजूला बोलावले. "म्हसू, किती वर्षं बैलांमागे फिरणार? तुला काहिलीवर घेतो. गूळ करायला शीक. फक्त उद्या नीट बोल."

काहिलीवरच्या माणसाला गावात मान होता. म्हसूला रात्रभर झोप आली नाही, पण सकाळी तो वेळेवर हजर झाला.

पंच आले. त्यांनी फळी पाहिली, भोक पाहिले. "फळी तर आहे," ते म्हणाले.

राही गेनूला घेऊन मागे उभी होती. ती पुढे आली. "पंच, इथे सगळ्याला रस लागलाय. बैलांच्या पाठीवर माश्या आहेत, तुमच्या पागोट्यावर आहेत. या एका फळीवर माशी नाही. ही रोज इथे असती तर कोरडी राहिली असती का?"

सगळे फळीकडे बघू लागले. फळी खरेच कोरडी होती.

दौलतराव हसले. "आता माश्यांची साक्ष काढायची का, बाई?"

पंच हसले नाहीत. ते वळले. "माशीला बोलता येत नाही. म्हसू, तू इथेच होतास. तू बोल."

म्हसूने गेनूकडे पाहिले नाही. त्याने बैलाच्या खुराकडे पाहिले. "फळी रोज असते. काल मीच घासून धुतली, म्हणून तिला रस नाही. त्या दिवशी गेनूनेच ती उचलून हात घातला."

 पंच म्हणाले, "चूक गेनूची."

 निघताना पंचांना नमस्कार करायला गेनूने दोन्ही हात उचलले आणि मग खाली घेतले.

पंच वेशीपर्यंत पोचले नसतील, तोच फळी पुन्हा आढ्याला गेली. दुसऱ्या दिवशी म्हसू अंघोळ करून काहिलीकडे निघाला. दौलतरावांनी त्याला बोटाने चरक दाखवला.

"काहिलीचं पुढच्या वर्षी बघू. आधी इथे माणूस हवा."

म्हसूने वर आढ्याकडे पाहिले. "मालक, मग फळी तरी बसवा."

"फळी?" दौलतराव म्हणाले. "फळी रोज असते. गावासमोर तूच सांगितलंस ना?"

म्हसू दिवसभर चरकापुढे बसला. संध्याकाळी तो गेनूच्या दारात गेला. राहीने त्याला बघितले आणि ती आत निघून गेली. म्हसू उंबऱ्याबाहेरच थांबला.

"गेनू, मला चरकावर बसवलंय."

 गेनू म्हणाला, "हातभर ऊस उरला की सोडून दे. मालक ओरडला तरी ढकलायला जाऊ नकोस. मी त्या दिवशी ओरडण्याला भ्यालो."

म्हसूला माफी मागायची होती. पण तो तसाच परत फिरला. गेनू निदान ओरडण्याला भ्याला होता; आपल्यावर तर कोणी ओरडलेही नव्हते, आपण नुसत्या मानाला भुललो, हे त्याला वाटेत उमगले.

दुसऱ्या दिवशी तो पुन्हा चरकापुढे बसला. रसाने माखलेल्या त्याच्या हातांवर माश्या बसत होत्या. त्या हाकलायलाही त्याची नजर चरकावरून हलत नव्हती. वर आढ्याला फळी टांगलेली होती, कोरडी.

तात्पर्य: जायबंदी सोबत्याचा हक्क जो खोट्या साक्षीने बुडवतो, तो स्वतःच्या हातापुढची फळीही काढून टाकतो.