शेंदूर लावलेलं आढं

फार मागची गोष्ट. खाडीच्या तोंडाशी वाळूचा दांडा वर आला, त्याला सातवं वर्ष चालू होतं. वैशाखी पौर्णिमा होऊन गेली आणि दुसऱ्याच दिवशी सकाळी एका म्हाताऱ्या सुकाण्याने आपल्या दारावर उलटी परडी टांगली.

त्या बंदरात तशी रीत होती. घर विकायचं असलं की तोंडाने सांगत फिरायचं नाही. दारावर परडी उलटी टांगायची. ज्याला घ्यायचं तो येतो.

पण येणार कोण? वाळूमुळे गलबतं आत शिरेनात. व्यापारी पलीकडच्या बंदराला गेले. गल्लीत परड्या पुष्कळ होत्या, गिऱ्हाईक एक नव्हतं. लोक म्हणाले, म्हातारा शहाणा असता तर पाच वर्षांमागे विकून मोकळा झाला असता.

त्याने घर विकायला का काढलं ते आता सांगतो.

हा सुकाण्या तरुणपणी एका गलबतावर सुकाणू धरायचा. वर हुकूम देणारा एक तांडेल आणि हाताखाली चार खलाशी. एका वैशाखात वादळाने त्यांची डोलकाठी मोडली आणि गलबत एका ओसाड भूशिरावर जाऊन लागलं. तिथे नुसता कातळ आणि गवत. झाड औषधाला नाही. एकच घर होतं. त्यात एक बाई एकटी राहत होती. पाऊस तोंडावर आलेला. डोलकाठी मिळाली नाही तर सहा जण तिथेच संपणार, हे सगळ्यांना दिसत होतं.

बाईने त्यांना पेज घातली. मग ती घरात गेली, छपराकडे बघत उभी राहिली आणि बाहेर येऊन म्हणाली, "माझं आढं काढा. सरळ आहे."

आढं म्हणजे छपराच्या माथ्यावरचं आडवं लाकूड. सगळे वासे त्याच्यावर टेकतात. ते काढलं की घर उरत नाही. हे तिला ठाऊक होतं. त्यांनाही ठाऊक होतं. पावसाआधी नवं आढं आणून देतो, असं वचन देऊन त्यांनी ते काढलं, डोलकाठी केली आणि घरी पोचले.

त्या वर्षी पाऊस लवकर आला. पुढल्या वर्षी धंदा जोरात होता. त्याच्या पुढल्या वर्षी तांडेलाचं लग्न. बाईचं घर पहिल्याच पावसात बसलं. तिने चार काठ्या रोवून गवताची खोप केली आणि त्यात राहू लागली.

ते सहा जण कृतघ्न नव्हते, हे ध्यानात घ्या. गलबत जुनं होऊन मोडीत निघालं, पण ती डोलकाठी त्यांनी मोडू दिली नाही. तांडेलाच्या अंगणात उभी केली. तिला शेंदूर लावला. दर वैशाखी पौर्णिमेला सगळे तिथे जमायचे, कुठूनही यायचे. नारळ फुटायचा, हार चढायचे. भूशिरावरून बाईला होडीने आणायचे, पाटावर बसवायचे, लुगडं द्यायचे. वादळाची गोष्ट पुन्हा सांगायचे. दर वर्षी लाट थोडी उंच व्हायची. जेवण झालं की कोणीतरी म्हणायचं, "आये, पुढच्या वर्षी तुझं घर उभं करतो."

ती म्हणायची, "करा, बाबांनो."

असं करता करता सगळ्यांचे केस पिकले.

त्या वर्षीच्या पौर्णिमेला तिला परत पोचवायला सुकाण्या गेला. तिला खोकला झाला होता. खडकावर उतरवायला त्याने तिला उचललं तर रिकाम्या टोपलीएवढंही वजन लागलं नाही. त्याने नवं लुगडं तिच्या हातात दिलं. ती म्हणाली, "बरं झालं. गेल्या पावसात सगळी लुगडी छपरावर अंथरली. एक कमी पडत होतं."

ती टोमणा मारत नव्हती. खरंच सांगत होती. सुकाण्या घरी आला आणि सकाळी त्याने परडी टांगली. घर विकायचं, त्या पैशाने लाकूड घ्यायचं आणि तिचं घर बांधायचं, असा त्याचा हिशेब होता.

परडी टांगलेलीच राहिली. तिच्यात चिमणीने घरटं केलं. पिल्लं झाली, उडून गेली. गिऱ्हाईक आलं नाही. पावसाळा आला तेव्हा तो रोज पहाटे बंदरावर जाऊन भूशिराकडे बघायचा. खोपीतून धूर निघाला की घरी यायचा. ती त्या पावसातून निभावली. पुढल्या पावसाचं त्याला खरं वाटेना.

दिवाळीनंतर एक मिठाचा व्यापारी आला. त्याने भिंती ठोकल्या, कौलं मोजली आणि भाव सांगितला. सुकाण्या म्हणाला, "एवढ्यात कुलूप येईल. ते हवं तर काढून देतो."

तांडेल भेटला की चेष्टा करायचा. म्हणायचा, "काय सुकाण्या, वाळूत होडी ढकलतोयस?" बाकीचे हसायचे. सुकाण्या हसायचा नाही.

चैत्र लागला. त्याची बायको कमी बोलणारी होती. तिने वर्षभर सगळं पाहिलं होतं. एके दिवशी भाकरी थापता थापता ती म्हणाली, "घर विकून पैसा करायचा, पैशाचं लाकूड करायचं, लाकडाचं घर करायचं. मधले फेरे कशाला?"

सुकाण्याने घास खाली ठेवला.

"आणि आपण?" त्याने विचारलं.

"आपल्याला गवताची खोप येते की घालायला. आपले गुडघे अजून चालतात. तिचे चालत नाहीत."

बंदरात घराला भाव नव्हता. पण घराचे खांब तेवढेच सरळ होते. कौलं तेवढीच पक्की होती. हे त्या दोघांशिवाय कोणाच्या डोक्यात आलं नाही.

दुसऱ्या दिवशी दोघांनी कौलं उतरवली. मग वासे, मग फणसाचे खांब, मग दार. होडी भरायची, भूशिराला न्यायची, रिकामी करून परत यायचं. शेजारी म्हणाले, म्हाताऱ्याला वेड लागलं. भूशिरावर ती बाई कातळावर बसून बघत होती. ती पहिल्या दिवशी म्हणाली, "मी दान घेत नाही रे." सुकाण्या म्हणाला, "आणि मी देत नाही, आये."

खांब तिच्या जुन्या जोत्यावर उभे राहिले. काठ्या-मातीचा कूड घातला. राहिलं फक्त आढं. सुकाण्याच्या घरचं आढं उतरवताना मधोमध मोडलं. आतून वाळवीने खाल्लं होतं. आता तेवढं लांब, तेवढं सरळ लाकूड घ्यायला त्याच्याजवळ काही उरलं नव्हतं. आणि पावसाला महिना होता.

पौर्णिमा आली. तांडेलाच्या अंगणात सगळे जमले. डोलकाठीला ताजा शेंदूर, ताजे हार. सुकाण्या उशिरा आला. पायांना चिखल तसाच होता. तांडेलाने विचारलं, म्हातारी कुठे?

"घराशी बसलीय," सुकाण्या म्हणाला. "छप्पर व्हायचंय. आढं न्यायला आलोय."

"कुठलं आढं?"

सुकाण्याने डोलकाठीकडे बोट केलं.

तांडेलाचा चेहरा लाल झाला. "देवाला हात लावतोस?" तो म्हणाला.

सुकाण्या डोलकाठीजवळ गेला. खालच्या टोकाचा शेंदूर त्याने नखाने खरवडला. आत एक जुनी खाच होती, खांबावर बसवण्यासाठी सुताराने पाडलेली. "हा देव नाही, तांडेला," तो म्हणाला. "हे त्या बाईचं घर आहे. आपण इतकी वर्षं त्याला हार घातले आणि ती पावसात भिजली."

पानं वाढलेली होती, ती तशीच राहिली. मग तांडेल उठला. त्याने स्वतःच्या हाताने एकेक हार काढून बाजूला ठेवला. डोलकाठी आडवी केली तेव्हा जड टोक त्यानेच खांद्यावर घेतलं. कोणाला घेऊ दिलं नाही.

सहाही म्हातारे एका होडीतून निघाले. सुकाणूला कोणी बसावं हे विचारावं लागलं नाही.

भूशिरावर बाईने त्या लाकडावरून हात फिरवला. बोटांना शेंदूर लागला. ती म्हणाली, "उन्हात फार ठेवलंत. पण सरळ आहे अजून."

त्यांनी ते वर चढवलं. खाच खांबावर बरोबर बसली. संध्याकाळपर्यंत वासे टेकले, कौलं चढली. सुकाण्याच्या बायकोने परडी सरळ करून आतल्या खांबाला टांगली आणि चूल पेटवली.

घेतलेल्या वस्तूची पूजा करून ऋण फिटत नाही. ती जिथली तिथे नेऊन ठेवावी लागते. ती ठेवली, आणि ऋण फिटलं.