पाना आणि पाईप

"मग पाना मले काऊन नाही, वस्ताद?"

हेमराजनं हे दारातूनच विचारलं. आत येऊन बसायचाही धीर त्याला नव्हता.

बशीर वस्ताद वर्कशॉपच्या बाकावर बसून चहा बशीत ओतत होते. वीज केंद्राचा शटडाऊन चालू होता. बॉयलर थंड झाला होता, वाफेच्या लाईनचे जोड उघडले होते. हे काम संपलं की वस्ताद निवृत्त होणार. मुख्य लाईनचे जोड आवळायचा त्यांचा मोठा पाना ते कुणाच्या हाती देतात, याकडे सगळ्या फिटरांचं लक्ष होतं. ज्याच्या हाती पाना, त्याची गँग.

पाना आपलाच, असं हेमराज गावभर सांगून बसला होता. आणि वस्तादांनी सकाळी साहेबांना सांगितलं, अजून ठरलं नाही.

"माझा जोड कधी गळला काय?"

"नाही."

"एकदा तरी वाफ सुटली?"

"नाही सुटली."

"मग?"

वस्तादांनी चहा संपवला. बशी खाली ठेवली.

"तुझ्या हाताखाली सध्या कोण आहे?"

हेमराजला हा विषय आवडला नाही. "रूपचंद होता. तो बदली मागून कोळशाकडे गेला. त्याच्या आधीचा भाऊदासही गेला... कामचुकार आहेत लेकाचे. मी ओढून काम घेतो, ते सोसत नाही त्यायले."

"हं..."

ओढण्याचं मात्र खरं होतं. पान्याच्या दांड्यात हेमराज एक लोखंडी पाईप घालायचा, म्हणजे जोर वाढतो. बाकीचे जिथं थांबत, तिथं तो पाईप लावून वर आणखी एक हिसका द्यायचा. त्या हिसक्याचा त्याला कोण अभिमान! पाईपला त्यानं लाल रंग दिला होता आणि तो जाईल तिथं बगलेत घेऊन जायचा. आत्ताही होता.

वस्ताद उठले. उघडलेल्या जोडाचे स्टड कोपऱ्यात पडले होते. अलॉय स्टीलचे, मनगटाएवढे जाड, दोन्ही टोकांना आटे. मागच्या शटडाऊनला हेमराजनंच आवळलेले. त्यांनी एक उचलला, फडक्यानं लख्ख पुसला. पेटीतून एक नवा काढून शेजारी उभा केला. दोन नट आत आलेल्या हेमराजपुढे सरकवले.

"बोटानं चढव."

नव्यावर नट सरसर उतरला. जुन्यावर निम्म्यात जाऊन अडकला. हेमराजनं दात आवळून जोर केला. नट हलेना.

"गंज असंल."

"तुझ्यासमोर पुसला ना मी."

"मग आटे खराब निघाले."

"आटे चांगले आहेत. ओढून ओढून स्टड लांबले आहेत."

हेमराजनं दोन्ही स्टड शेजारी धरून पाहिले.

"स्टड जोड कसा धरते, सांग," वस्ताद म्हणाले. "आवळला की थोडा ताणते, अन् मागं यायले बघते. त्या मागं येण्यातच पकड आहे. हा आता मागं येत नाही."

"पण गळला तर नाही, वस्ताद."

"नाही गळला. खाली माणसं काम करत होती. त्यायचं नशीब."

हेमराजला एकदम आठवलं. रूपचंद त्याच जोडाखाली उभा असायचा.

"स्टेनलेसचे मागवू काय? भारीतले?"

"तेही तूच आवळशील ना?"

हेमराजनं अडकलेला नट उलटा फिरवून काढला. बाहेर क्रेनची घंटी वाजली, थांबली...

"म्हणजे गेला पाना," तो शेवटी म्हणाला. "बरोबर आहे तुमचं."

वस्तादांनी भिंतीवरचा मोठा पाना काढला आणि त्याच्या हातात दिला.

हेमराजनं तो दोन्ही हातांनी धरला. तोवर वस्तादांनी त्याच्या बगलेतला लाल पाईप हळूच ओढून घेतला, आणि दाराशी उभ्या आपल्या सायकलच्या दांडीला सुतळीनं बांधायला लागले.

"पाईप कुठं नेता, वस्ताद?"

"घरी."

"घरी तुमाले काय आवळायचं आहे?"

वस्तादांनी गाठ मारली, ओढून न बघताच हात काढून घेतला.

"अंगणात दोडक्याचा वेल लावला आहे. त्याले चढायले पाहिजे."