वाटा बुजलेलं रान

ज्या काळी रस्ते डोंगराच्या पायथ्याशीच थांबत, त्या काळची ही गोष्ट. चारी बाजूंनी उंच कडे असलेल्या एका खोऱ्यात एक लहानसं गाव होतं. गावाच्या वर रान, रानातून उतरणारा एक झरा, आणि त्या झऱ्यावर सगळ्यांची शेतं.

आधीच्या पिढीनं ते रान हावरेपणानं तोडलं होतं. मग झरा आटला, शेतं करपली, आणि निम्मं गाव पोटामागे खोरं सोडून गेलं. जे मागे उरले, त्यांनी शहाणं होऊन पाच माणसांचं एक राखण मंडळ नेमलं. रान सगळ्यांचं, पण त्याचं बरंवाईट या पाचांनी पाहायचं, असं ठरलं.

मंडळाची प्रमुख होती म्हाळसाबाई. लहानपणी तिनं आपल्या आईला कोरड्या झऱ्याच्या तळाशी बोटांनी वाळू उकरताना पाहिलं होतं. पाण्यावाचून तळमळणारा धाकटा भाऊ तिच्या डोळ्यांपुढून कधी हलला नाही. त्यामुळे रान राखणं हे तिचं काम नव्हतं, व्रतच होतं.

तिनं आधी कुऱ्हाडबंदी केली. गावानं ती आनंदानं मानली. काही वर्षांत रोपं वर आली, झरा वाहू लागला, भेकरं परतली.

पण म्हाळसाबाईच्या मनातली भीती गेली नाही. मध काढताना कुणाकडून तरी फांदी मोडली. तिनं मध काढणं बंद केलं. हिरडा वेचणाऱ्या बायकांच्या पायाखाली रोपं आली. तिनं हिरडा बंद केला. मग पाचोळा नेणं थांबलं, मुलांचं करवंदांना जाणं थांबलं. शेवटी रानाभोवती काटेरी कुंपण उभं राहिलं.

मंडळातले वयानं मोठे हिरू आबा तिला म्हणाले, "म्हाळसा, कुऱ्हाड थांबवलीस ते चांगलं केलंस. माणसं का थांबवतेस?"

"आबा, कुऱ्हाड माणसाच्याच हातात असते."

"हात आहे तसा माणसाला जीवही आहे, पोरी. तो लागू दे की रानाला."

"जीव लागतो आणि मागून हाव सुटते. मी पाहिलंय ते."

बाकीच्या तिघांना बाईचा धाक होता. त्यांनी माना डोलावल्या.

वर्षं गेली. रान असं माजलं की दुपारीही आत सावल्याच सावल्या. म्हाळसाबाई एकटीच कुंपणाच्या कडेनं फेरी मारी आणि समाधानानं परते. खाली गावात मुलं मोठी होत होती, पण झाडांतला ऐन कुठला नि अर्जुन कुठला, हे त्यांना सांगता येत नव्हतं. रान म्हणजे कुंपणापलीकडचं काहीतरी. बाईंचं.

एका चैत्रात, भर दुपारी, पाऊस न आणताच वीज कडाडली आणि पश्चिमेच्या उतारावर धूर उठला. म्हाळसाबाईनं गावाला हाक दिली. माणसं धावत आली. कुणाच्या हातात हिरव्या डहाळ्या, कुणाच्या डोक्यावर घागरी. पण कुंपणाशी येऊन सगळे थबकले.

"थांबलात का? चला वर!" म्हाळसाबाई ओरडली.

ठकू नावाची एक तरणीताठी बाई पुढे झाली. "कुठून जायचं, बाई? वाट कुठाय?"

"अगं, पाण्याच्या टाक्याच्या वाटेनं!"

"कुठलं टाकं?"

म्हाळसाबाईनं वर पाहिलं. पायच पडले नव्हते, म्हणून वाटा बुजल्या होत्या. पाचोळा कुणी उचलला नव्हता, तो गुडघाभर साचला होता. हिरू आबांना वाटा ठाऊक होत्या, पण त्यांचे गुडघे चढ चढणारे राहिले नव्हते. माणसं कुंपण तोडून आत घुसली, वेलींत अडकली, आणि धुरानं कासावीस होऊन माघारी फिरली. मागून कुणीतरी पुटपुटलं, "बाईंचं रान, बाईंनाच ठाऊक."

म्हाळसाबाईला ते ऐकू आलं. ती एकटीच आत शिरली आणि हात भाजेपर्यंत आग झोडपत राहिली. उघड्या कातळाशी पोचल्यावर वणवा आपोआप विझला. तोवर निम्मं रान गेलं होतं.

हातांना पट्ट्या बांधून ती गावापुढे उभी राहिली. "आग विजेनं लावली. पण तुमच्या वाटा बंद करून आगीला मोकळं रान दिलं ते मी. माझ्या जागी दुसऱ्या कुणाला बसवा."

ठकू म्हणाली, "बसवू हो. पण त्याला रान दाखवणार कोण? आधी आम्हाला वाटा दाखवा, बाई. मग काय ते ठरवू."

कुंपण निघालं. म्हाळसाबाई पुढे आणि गाव मागे, असं सगळं रान पुन्हा पायाखाली आलं. प्रत्येक आळीला एकेक उतार वाटून दिला. पाचोळा त्यांनीच न्यायचा, हिरडा नि मध बेतानं घ्यायचा, उन्हाळ्याआधी आग अडवायचे पट्टे झाडून ठेवायचे. कुऱ्हाडबंदी मात्र कायम राहिली. दुसऱ्या कुणाला बसवायचा विषय पुन्हा निघाला नाही.

जळालेला उतार म्हाळसाबाईच्या हयातीत पूर्वीसारखा झाला नाही. झऱ्याची धारही बारीकच राहिली.

एके दिवशी सकाळीच ठकू तावातावानं तिच्या अंगणात आली. "बाई, मंडळ बोलवा! वरच्या आळीनं आमच्या उतारावरचं अख्खं पोळं कापून नेलं. माश्यांना काही म्हणून ठेवलं नाही! आमच्या रानात हे चालायचं नाही!"

"काय म्हणालीस?"

"आमच्या रानात हे चालायचं नाही, म्हणाले!"

म्हाळसाबाईनं मंडळ बोलावलं आणि वरच्या आळीला वर्षभर मध बंद केला. पण तक्रार ऐकताना ती मध्येच डोळे का पुसत होती, ते ठकूला कळलं नाही. असली भांडणं पुढेही येत राहिली, आणि ती सोडवायला म्हाळसाबाई कधी कंटाळली नाही.

तात्पर्य : जे राखायचं त्याच्यापासून माणसांना तोडलं, की ते राखायला कुणी उरत नाही.