पाय बदललेली खुर्ची

फार पूर्वी, कचेरीतलं लाकूडसामान माणसांशी बोलत असे तेव्हाची ही गोष्ट. एका तहसील कचेरीतल्या सागवानी खुर्चीचा पाय मोडला, म्हणून तिला मोडीत काढलं. इस्माईल मिस्त्रींनी ती नेली, नवा पाय बसवला, वेत विणला आणि कचेरी खुर्च्या घेणार असं कळताच तिला परत आणलं.

"बसून तरी बघा, बाई," खुर्ची म्हणाली.

खरेदी पाहणाऱ्या कुमुदबाई बसल्या. "कंबर सुखावली गं. पण हुकमात 'नवीन खुर्च्या' लिहिलंय."

"मग साहेबांना एकदा विचारा ना."

"साहेबांना असलं विचारायची इथे रीत नाही."

मिस्त्री खुर्ची परत घेऊन गेले आणि कचेरीत नव्या फिरत्या खुर्च्या आल्या. वर्षाच्या आत त्यांची चाकं निखळली. तेव्हा कुठे बाईंनी धीर करून साहेबांना विचारलं.

"घ्या की," साहेब म्हणाले. "मी कधी नको म्हणालो?"

बाई तडक मिस्त्रींकडे गेल्या.

"पाठीवर सरकारी नंबर कोरलेला होता, बाई. चोरीची समजून कुणी घेईना," मिस्त्री म्हणाले. "अंगणात भिजून वेत कुजला, सांधे सुटले, शेवटी बंबात घातली. तोवर रोज विचारायची, कचेरीतून कुणी आलं का म्हणून."