मगदूमचं करायचं काय?

शपथेवर सांगतो, हे माझ्या डोळ्यांसमोर घडलं. डोळ्यांसमोर म्हणजे... मी भिंतीच्या पलीकडे होतो. पण ऐकू अगदी स्वच्छ येत होतं.

“...म्हणजे चढाईला पाठवू, की कोपऱ्यात ठेवू?” खराडे सर विचारत होते. तिसऱ्यांदा.

खराडे सर आमच्या कॉलेजच्या कबड्डी संघाचे प्रशिक्षक. समोर टेकडीवरच्या दर्ग्यातले हुसेनबाबा. फकिरी घेण्याआधी वीस वर्षं कबड्डी खेळलेले. आता मांजरीच्या पिल्लाला दूध पाजत बसले होते.

“कुणाला?”

“मगदूमला, बाबा. सांगितलं की मघाशी. चढाईला गेला की दोन गडी मारूनच येतो. आणि उजव्या कोपऱ्यात उभा केला, तर आलेला परत जात नाही. असा गडी मी आजवर पाहिला नाही.”

“मग रडतोस कशाला?”

“उद्या फायनल आहे. तीन वर्षं हरतोय. यंदा हरलो की संघ बंद, आणि मैदानात स्टाफच्या गाड्या. प्राचार्यांनी तोंडावर सांगितलंय. सकाळपासून घास उतरला नाही.”

बाबांनी पिल्लाचं तोंड पुसलं.

“सारखा पाठवला तर दमतो. बाद झाला तर कोपरा उघडा. न पाठवावा, तर गुण कोण आणणार? नऊ कागद आखून झाले.”

“कागद ठेव खाली. हात दे.”

सरांनी हात दिला. साखळीत शेजारचा गडी धरतो तसा बाबांनी तो घट्ट धरला.

“मी मगदूम. तू माझ्या शेजारचा.”

“बरं.”

“मी चाललो चढाईला.”

बाबांनी हात सोडला, उठले आणि खरंच अंगणात निघून गेले. सर तसाच हात पुढे करून बसले. एक मिनिट... दोन... पाच.

“बाबा, किती वेळ असं?”

“उद्या चाळीस मिनिटं,” बाहेरून आवाज आला.

“चेष्टा नको, बाबा. जीव टांगणीला लागलाय माझा. मगदूमचं काय करू ते सांगा.”

“मगदूमला सगळं येतं म्हणतोस. शेजारी कोण असतो त्याच्या?”

“असतो एक. किडकिडीत. सेकंड इयरचा.”

“नाव?”

सरांनी घाईघाईनं कागद चाळले. नवव्या कागदावर मगदूमचं नाव सात ठिकाणी होतं. त्याच्या शेजारी, साती ठिकाणी, नुसता एक गोल.

बाबा दारात येऊन उभे राहिले.

“उद्या जिंकू का,” सरांनी कागद मिटले, “एवढं तरी सांगा.”

“मला काय विचारतोस? त्या गोलाला विचार.”

यातले खराडे सर तेवढे मी रचले. कॉलेजात कबड्डीचा मास्तर एकच होता, आणि तो मी.