बुधी कातकरणीची पाठ

फार वर्षं झाली. किती, ते विचारू नका. गावात जो तो वेगळा आकडा सांगतो. आमची वाळकी नदी तेव्हा रोज वेगळ्या रंगाची वाहायची, एवढं मात्र सगळे सारखं सांगतात. सोमवारी लाल, मंगळवारी पिवळी. आज तुम्ही त्याच नदीचं पाणी ओंजळीनं पिता, ते बुधी कातकरणीमुळे. म्हणून तिची गोष्ट जरा नीट बसून ऐका.

बुधी राहायची नदीच्या खालच्या अंगाला, कातकरवाडीत. खेकडे धरणं हा तिचा धंदा. काठावरच्या बिळात खांद्यापर्यंत हात घालायची आणि खेकडा बाहेर काढायची. एकही खेकडा तिला कधी चावला नाही, असं म्हणतात. वरच्या गावाला याचं काही कौतुक नव्हतं. कातकरी उंदीर खातात, म्हणून वाडीच्या माणसानं विहिरीच्या कट्ट्याला शिवायचं नाही, असा गावाचा नेम. वाडी पाणी प्यायची ते नदीच्या वाळूत झिरे खणून.

मग वरच्या अंगाला सूत रंगवायचा कारखाना आला. गावातल्या गड्यांना कामं मिळाली, देवळावर नवी कौलं चढली. गाव खूश. खाली मात्र मासे पोट वर करून तरंगायला लागले, झिऱ्यांना रंग आला, लेकरांच्या अंगावर फोड उठले. बुधीनं वाडी गोळा केली, सगळ्यांचे अंगठे घेऊन अर्ज केला आणि पन्नास माणसांनिशी तालुक्याला चालत गेली. एकदा नाही, सात वेळा. शेवटी एक साहेब पाहणीला आले. कारखान्याच्या मालकानं त्यांना कोरडं गटार दाखवलं. म्हणाला, आमचं पाणी आमच्याच टाकीत राहतं. नदी घाण करतात ती खालची माणसं. साहेबांना ते पटलं. गावालाही पटलं, हे सांगताना आजही लाज वाटते. हुकूम निघाला: दहा दिवसांत काठावरची वाडी उठवून खडकाळ माळावर न्यायची.

माळावर ना पाणी, ना खेकडा. तिथे वाडी जगलीच नसती. बुधीनं साहेबांचे पाय धरले, तेव्हा ते म्हणाले, घाण कुठून येते ते दाखव, मग बघू.

त्याच दिवशी वाडीची झाडून सगळी माणसं काठाला लागली. एकेक बीळ चाचपत ती वर सरकू लागली. हाताची सालटं निघाली. माळावर आपली नातवंडं काय पिणार, याच धास्तीनं बुधी जेवायलाही थांबेना. सातव्या दिवशी, एका करंजाच्या मुळाखाली, तिनं बिळात हात घातला आणि तो पोळला. खेकड्याचं बीळ गार असतं. हे लोखंडाचं होतं आणि आतून ऊन ऊन पाणी येत होतं. नदीनंच तिचं मनगट धरून तिथे नेलं, असं म्हणतात.

लोक म्हणाले, साहेबांना बोलावून आणू. बुधीनं मान हलवली.

"साहेब येईस्तो कारखानेवाले नळ बंद करतील न् पुन्हा कोरडं गटार दाखवतील," ती म्हणाली. "उंदीर कसा काढता तुमी? खालचं तोंड बुजवा. वरच्या तोंडानं येतो का नाय, बघा."

शेतातल्या बिळाची बाकीची तोंडं बुजवून एकच मोकळं ठेवायचं, ही कातकऱ्यांची पिढीजात रीत. ज्या कामापायी गाव त्यांना हिणवायचं, तेच हे काम. त्यांनी नळात दगड, चिकणमाती, पळसाचा पाला ठासून भरला. पाणी आतून धक्के देऊ लागलं, तेव्हा बुधी छातीइतक्या पाण्यात बसली आणि तिनं तिथे पाठ लावली. तीन दिवस ती हलली नाही, असं म्हणतात. काही जण पाच म्हणतात. पण मी तीनच धरतो, तीनही काही थोडे नाहीत.

तिकडे कारखान्याची टाकी भरली आणि उतू गेली. लाल पाणी मालकाच्या बागेत शिरलं, बंगल्याच्या पायऱ्या चढलं, चुलीवरच्या दुधाला म्हणे गुलाबी साय आली. मग ते फाटकातून बाहेर पडलं आणि रस्त्यानं उतरत थेट गावाच्या चावडीपुढे आलं. आता हे पाणीही वाडीनंच घाण केलं, असं म्हणायला कुणाची जीभ रेटेना.

सगळ्यात आधी हलली पाटलीण, गजराबाई. तिनं विहिरीवर कळशी भरली आणि नदी गाठली. बुधीला पाणी पाजता पाजता तिनं विचारलं, आम्हाला आधी का नाही सांगितलंस?

"सांगितलं व्हतं, बाय," बुधी म्हणाली. "तुमी नाकाला पदर लावून उभ्या व्हत्या. कानालाबी लागला असंल."

पाटलिणीनं कळशी काठावर ठेवली. लुगडं वर खोचून ती पाण्यात उतरली आणि बुधीच्या शेजारी पाठ लावून बसली. मग गावच्या बाया उतरल्या, मग म्हातारे. कारखान्याची माणसं ओढायला आली, पण ओढणार कुणाला? निम्म्यांच्या आया पाण्यात बसलेल्या होत्या.

दहाव्या दिवशी साहेब वाडी उठवायला आले ते त्याच रस्त्यानं, बूट लाल करून. हुकूम त्यांनी काठावर उभं राहून फाडला. कारखान्याला कुलूप लागलं. नदी निवळायला अकरा पावसाळे गेले. बाराव्या वर्षी खेकडे परत आले, तेव्हा म्हातारी बुधी उशीर केलात म्हणून त्यांना रागावत होती, असं म्हणतात.

तिचे उपकार आमच्यानं फिटायचे नाहीत. गावात तिचा पुतळा नाही, पण तिच्या नावानं एक रीत आहे. काही नवं यायचं असलं, वीटभट्टी असो की कोंबड्यांची शेड, तर ग्रामसभेत पहिला शब्द पाण्याच्या सगळ्यात खालच्या घराचा. ते घर बोलेपर्यंत सरपंचानंही तोंड उघडायचं नाही. याला आम्ही बुधीचा मान म्हणतो.

गेल्या साली एक मोठी कंपनी नकाशे घेऊन आली. कंपनीच्या साहेबांनी तासभर भाषण केलं. सभा गप्प. साहेबांना वाटलं, गाव कबूल आहे. तेव्हा मागच्या रांगेतून वाडीची सोमी उठली, कडेवर लेकरू.

"तुमचं सांडपाणी कुठं जानार, ते आधी दाखवा," ती म्हणाली. "आमी येतो बघायला."

आणि अख्खं गाव चपला घालून उभं राहिलं.