दयाळाची तान

रानातल्या झाडांवर अजून कुणी हक्क सांगत नव्हतं, तेव्हाची गोष्ट. दयाळ पक्ष्याने हिवाळाभर घसा ताणून एक तान बसवली. दयाळीण गाणं ऐकूनच जोडीदार निवडते, म्हणून एवढी मेहनत. पण आठ दिवसांत ती तान कोतवाल पक्ष्याने उचलली आणि बघता बघता रानभर झाली.

दयाळाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "चोर आहात सगळे!"

"तुझ्या गळ्यातलं काही कमी झालं का रे?" कोतवाल हसला.

"दयाळीण तुझ्या बाभळीवर जाऊन बसलीय, लेका! अजून काय कमी व्हायचं राहिलंय?"

कोतवालाने मान खाली घातली. पण दयाळाचा राग तेवढ्याने निवला नाही. "आजपासून ज्याचं त्याने गायचं. माझ्या तानेला कुणी चोच लावायची नाही!"

"चालेल," करवंदीतली म्हातारी बुलबुल कडाडली. "मग त्यातली मुरकी काढ. ती माझ्या आईची. उचललीस तेव्हा विचारलं होतंस?"

"आणि ठोका माझा," उंबरावरून तांबट ओरडला.

"घाला चुलीत तुमचं! उरलेलं ऐका!" दयाळ फणफणला.

सगळं रान कान देऊन बसलं. दयाळाने छाती फुगवली, चोच उघडली, आणि ती बराच वेळ नुसती उघडीच राहिली.